हातात पत्र, नोंदवहीत नाव नाही



ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, ते आयुष्यभर औद्योगिक न्यायालयात कामगारांची बाजू मांडत राहिले. त्या काळी कंपनी कायदा हा समोरच्या पक्षाच्या वकिलांचा प्रांत होता. म्हणून आजचा विषय मी मुद्दाम निवडला. कंपनी आपल्याच कर्मचाऱ्यांना आपले शेअर देऊ करते, तेव्हा कंपनी कायदा त्या व्यवहाराकडे कसा बघतो? मी कंपनी सेक्रेटरी आहे. अशा योजनांचे मसुदे करणं, सभेत ठराव मंजूर करून घेणं, फॉर्म भरणं हा माझा रोजचा धंदा. त्यामुळे आज सांगणार आहे ते बहुतेक सगळं छापील आहे. फक्त तो छापील कागद कुणाच्या हातात पडतो आणि कुणाच्या पडत नाही, याबद्दल माझी तक्रार आहे.

एका निकालापासून सुरुवात करतो, कारण त्यात हा सगळा व्यवहार उघडा पडलेला दिसतो. इन्फोसिस १९८१ साली पुण्यात सुरू झाली, पुढे बंगळुरूला गेली, १९९३ मध्ये तिचे शेअर बाजारात आले आणि १९९४ मध्ये तिने कर्मचाऱ्यांसाठी शेअर योजना आणली. त्या वेळी कंपनी कायद्यात ‘एम्प्लॉइज स्टॉक ऑप्शन’ याची साधी व्याख्यासुद्धा नव्हती. कंपनीने एक कर्मचारी कल्याण न्यास स्थापन केला आणि त्याला एकेक रुपयाला साडेसात लाख वॉरंट दिली. न्यासाने ती निवडक कर्मचाऱ्यांना एकेक रुपयालाच द्यायची. वॉरंट किमान वर्षभर सांभाळायचं, मग उरलेले ९९ रुपये भरले की दहा रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर मिळणार. पण त्या शेअरवर ‘हस्तांतरणीय नाही’ असा शिक्का. पाच वर्षं विकायचा नाही. मध्येच नोकरी सोडली, तर शेअर शंभर रुपयांना न्यासाकडे परत.

प्राप्तिकर खात्याला यात पगाराचा भाग दिसला. बाजारभाव आणि भरलेले शंभर रुपये यांतला फरक म्हणजे कर्मचाऱ्याला मिळालेली सवलत, आणि त्यावर कंपनीने मुळातून कर कापायला हवा होता, असं खात्याचं म्हणणं. रक्कम लावली १६५ कोटींची. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खात्याचा दावा फेटाळला. जो शेअर आज विकता येत नाही आणि माणूस गेला तर परत द्यावा लागतो, त्याचा बाजारभाव धरून त्याच्या पदरात काही पडलं असं म्हणता येणार नाही, असा त्या निकालाचा मथितार्थ. खात्याने आधार घेतलेली तरतूद १ एप्रिल २००० पासूनची होती, ती मागच्या वर्षांना लावता येत नव्हती, हेही त्यात आलं.

निकाल करापुरता होता. पण न्यायालयासमोर खरा प्रश्न असा होता की या माणसाच्या हातात आज नेमकं आहे काय? या प्रश्नाचं उत्तर गेली पंचवीस वर्षं प्रत्येक कायदा आपापल्या सोयीने देत आला आहे. कंपनी कायद्याचं उत्तर त्यांतलं सगळ्यात कंजूष आहे, असं माझं मत.

कंपनी कायदा २०१३ चं कलम ६२ उघडा. कर्मचारी इथे येतो, पण कशा निमित्ताने ते बघा. हे कलम मुळात सध्याच्या भागधारकांसाठी आहे. कंपनी नवे शेअर काढणार असेल, तर आधी जुन्या भागधारकांना त्यांच्या प्रमाणात विचारलं पाहिजे, नाहीतर त्यांचा वाटा पातळ होईल. या नियमाला जे अपवाद केले, त्यांत उपकलम (१)(ब) कर्मचाऱ्यांचं. म्हणजे आमचा कर्मचारी कायद्याच्या घरात शिरला तो दुसऱ्याच्या हक्काला अपवाद म्हणून. पुढचं सगळं याच एका गोष्टीतून निघतं. अपवाद करायचा, तर ज्यांचा हक्क मागे सरतो त्यांची परवानगी घेतली पाहिजे. म्हणून विशेष ठराव लागतो. विरोधात जितकी मतं पडली त्याच्या किमान तिप्पट बाजूने पडली पाहिजेत. खाजगी कंपन्यांना २०१५ च्या अधिसूचनेने सवलत मिळाली, त्यांना साधा ठराव पुरतो.

ठरावाच्या सूचनेसोबत स्पष्टीकरणात्मक निवेदन जोडावं लागतं. त्यात काय असावं, ते शेअर भांडवल नियमावलीतला, म्हणजे २०१४ च्या नियमांतला, नियम १२ बारकाईने सांगतो. एकूण किती ऑप्शन (म्हणजे ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घ्यायचे हक्क) द्यायचे, कोणत्या दर्जाच्या कर्मचाऱ्यांना, निवड कशी करायची, व्हेस्टिंग (म्हणजे तो हक्क पक्का होणं) कधी आणि कोणत्या अटींवर, किंमत किंवा ती ठरवण्याचं सूत्र, एका माणसाला जास्तीत जास्त किती, लॉक-इन आहे का, मूल्यांकन कोणत्या पद्धतीने. आणि शेवटी दोन महत्त्वाच्या गोष्टी: व्हेस्ट झालेले ऑप्शनसुद्धा कोणत्या परिस्थितीत बाद होतील, उदाहरणार्थ गैरवर्तनाबद्दल काढून टाकलं तर; आणि राजीनामा दिल्यावर ते वापरायला किती मुदत मिळेल.

उत्तम यादी आहे. कर्मचाऱ्याला ठाऊक असावं असं जवळजवळ सगळं तिच्यात येतं. पण हे निवेदन जातं भागधारकांना, कारण सभा त्यांची. कर्मचाऱ्याला मिळतं दीड-दोन पानांचं ग्रँट लेटर. वर कंपनीचं बोधचिन्ह, पहिल्या परिच्छेदात अभिनंदन, मग ऑप्शनचा आकडा ठळक टाइपात आणि तळाशी एक ओळ: बाकी सर्व अटी योजनेप्रमाणे, त्या वेळोवेळी सुधारल्या जातील त्याप्रमाणे. योजनेची प्रत सोबत जोडलेली असतेच असं नाही. ही पत्रं मी स्वतः लिहिली आहेत. ती तशी का लिहिली, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. याहून जास्त लिहा, असं नियम म्हणत नाही.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो. न वापरलेल्या ऑप्शनच्या अटी बदलायच्या तर पुन्हा ठराव लागतो, आणि तो बदल ऑप्शनधारकांच्या अहिताचा असता कामा नये, असं नियम १२ सांगतो. कर्मचाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं नियमातलं हे सगळ्यात बळकट वाक्य. अहित झालं की नाही हे आधी कोण ठरवणार, तर संचालक मंडळ. पण तरीही वाक्य आहे, आणि वाद झाल्यावर वकिलाला हात घालायला काहीतरी सापडतं.

आता कर्मचारी म्हणजे कोण? नियम १२ म्हणतो: कायम कर्मचारी, भारतातला किंवा बाहेरचा, संचालक, पूर्णवेळ असो वा नसो, पण स्वतंत्र संचालक नव्हे, आणि उपकंपनीतले किंवा धारक कंपनीतले असेच लोक. ‘कायम’ या अटीने किती माणसं बाहेर पडतात ते पिंपरी-चाकणला किंवा हिंजवडीला राहणाऱ्यांना सांगायला नको. एकाच मजल्यावर, एकाच कॅन्टीनमध्ये जेवणारे, पण गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टी वेगळ्या रंगाची, कारण ते ठेकेदाराचे. सूचिबद्ध कंपन्यांसाठी सेबीने २०२१ च्या विनियमांत हा शब्द सैल केला. कंपनीने ज्याला कर्मचारी म्हणून नेमून दिलं आणि जो फक्त तिच्यासाठीच काम करतो, तो पात्र. पण सूचिबद्ध नसलेल्या कंपन्यांना नियम १२ अजून ‘कायम’च म्हणतो. आणि घरपोच जेवण पोचवणारी मुलं, ज्यांच्या सायकली-स्कूटरवर त्या कंपन्या उभ्या राहिल्या, ती दोन्ही व्याख्यांच्या बाहेरच.

वरच्या टोकालाही कुंपण आहे. प्रवर्तक किंवा प्रवर्तक गटातला माणूस नोकरीत असला तरी ऑप्शन घेऊ शकत नाही. जो संचालक स्वतः, नातेवाइकांमार्फत किंवा कंपनीमार्फत दहा टक्क्यांहून जास्त शेअर बाळगतो, तोही नाही. कारण उघड आहे. मालकाने स्वतःलाच बक्षीस द्यायचं आणि बाकीच्यांचा वाटा पातळ करायचा, हे चालणार नाही. नोंदणीकृत स्टार्टअपना मात्र या अटीतून सूट आहे. आधी ती पाच वर्षांची होती, २०१९ मध्ये स्थापनेपासून दहा वर्षांची केली. या कुंपणावर झालेलं अलीकडचं मोठं प्रकरण पेटीएमचं. तिची मूळ कंपनी वन९७ कम्युनिकेशन्स. तिच्या संस्थापकांना दिलेल्या ऑप्शनबद्दल सेबीने नोटीस काढली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी आपले २.१ कोटी ऑप्शन सोडून दिले. पुढे त्याच वर्षी सेबीने नियम बदलला. शेअर विक्रीच्या मसुद्यात ज्यांना प्रवर्तक म्हणून दाखवावं लागतं, अशा संस्थापकांना त्याआधी किमान एक वर्ष मिळालेले ऑप्शन ठेवता येतात. संस्थापकांची अडचण दिसली, नियम बदलला. हे काम किती चटकन होऊ शकतं ते लक्षात ठेवा. पुढे मला त्याचा उपयोग आहे.

ऑप्शन मिळाला की वाट बघणं सुरू. ग्रँट आणि व्हेस्टिंग यांत किमान एक वर्ष गेलंच पाहिजे, हा कायदा. चार वर्षांत थोडेथोडे व्हेस्ट करणं हा फक्त प्रघात. या काळात मत नाही, लाभांश नाही, भागधारकाचा कुठलाही हक्क नाही. ऑप्शन विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही, कुणाच्या नावावर करता येत नाही. नोकरी सोडली किंवा सुटली, तर व्हेस्ट न झालेले सगळे त्याच दिवशी संपले. मृत्यूच्या बाबतीत मात्र नियम उदार आहे. कर्मचारी गेला, तर त्या तारखेपर्यंत दिलेले सगळे ऑप्शन वारसांच्या किंवा नामनिर्देशिताच्या नावे व्हेस्ट होतात. कायमचं अपंगत्व आलं, तर त्याच दिवशी त्याच्या स्वतःच्या नावे. मसुदा लिहिणारा कुणीतरी हे कलम लिहिताना थांबून विचार करत बसला असावा, असं मला नेहमी वाटतं.

व्हेस्ट झालेले ऑप्शन नोकरी सोडल्यावर किती दिवसांत वापरायचे, हे कायद्याने कंपनीवर सोपवलं आहे. किमान मुदत कुठेही नाही. योजनेत तीस दिवस लिहिले तर तीस, नव्वद लिहिले तर नव्वद. आणि इथेच माणूस अडकतो, कारण या तीस दिवसांत दुसरा कायदा दारात येऊन उभा राहतो.

आकडे घेऊन बघू. समजा एका मुलीकडे चार हजार व्हेस्ट झालेले ऑप्शन आहेत, दर दहा रुपये. कंपनी सूचिबद्ध नाही, म्हणून करासाठी मर्चंट बँकरने मूल्य काढलं, शेअरला सहाशे रुपये. ऑप्शन वापरायला तिला भरायचे चाळीस हजार. पण फरक झाला २३ लाख ६० हजारांचा, आणि तो तिचा त्या वर्षाचा पगार धरला जातो. तीस टक्के कर आणि त्यावर उपकर मिळून ३१.२ टक्क्यांनी होतात ७ लाख ३६ हजार ३२० रुपये. हे रोख द्यायचे. बदल्यात काय मिळालं? जे ती आज कुणाला विकू शकत नाही असे शेअर. पुढे कंपनीचं मूल्य घसरलं, तर तो तोटा भांडवली तोटा, पगारातून वजा होत नाही. इन्फोसिसच्या निकालामागची समज, की जे विकता येत नाही त्यावर कर कसा लावायचा, ती कायदा बदलल्यावर मागे पडली. मधल्या काळात, २००७ ते २००९, हा बोजा फ्रिंज बेनिफिट टॅक्सच्या रूपाने कंपनीवर टाकला होता. तो कर गेला आणि ओझं परत कर्मचाऱ्याच्या डोक्यावर आलं. २०२० च्या वित्त कायद्याने स्टार्टअपच्या कर्मचाऱ्यांना कर पुढे ढकलण्याची मुभा दिली, पण ती सगळ्या नोंदणीकृत स्टार्टअपना नाही. आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र मिळालेल्या मोजक्याच कंपन्यांना. शिवाय नोकरी सोडली की ती मुभा संपली. म्हणजे जिला सगळ्यात जास्त गरज, तिलाच ती लागू नाही. म्हणून अनेक जण हिशेब करतात, हात जोडतात आणि व्हेस्ट झालेले ऑप्शन सोडून देतात. कंपनीच्या तक्त्यात ते पुन्हा ‘उपलब्ध’ या रकान्यात जातात.

कंपनीची बाजू मात्र सुखरूप. बायोकॉनच्या प्रकरणात प्राप्तिकर न्यायाधिकरणाच्या विशेष पीठाने २०१३ मध्ये आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं की ऑप्शनवर दिलेली सूट हा कंपनीचा धंद्याचा खर्च आहे, तो नफ्यातून वजा करता येईल. निकाल मला पटतो. पण मग चित्र असं होतं की कंपनीच्या हिशेबात हा पगार, कर खात्याच्या हिशेबात हा पगार, आणि भरतीच्या जाहिरातीत मात्र ही मालकी.

आता पुढचा टप्पा. समजा तिने कर्ज काढून, आईवडिलांकडून उसने घेऊन शेअर घेतले. सदस्यांच्या नोंदवहीत नाव चढलं, ती भागधारक झाली. आता तरी? कंपनी कायदा म्हणतो, खाजगी कंपनी म्हणजे जिच्या नियमावलीत शेअर हस्तांतरणावर बंधन आहे ती. बंधन हेच तिचं लक्षण. सर्वोच्च न्यायालयाने रंगराज प्रकरणात तीसहून अधिक वर्षांपूर्वी सांगितलं, की हस्तांतरणावरचं बंधन कंपनीच्या नियमावलीत असलं पाहिजे, खाजगी करारातलं पुरत नाही. म्हणून आम्ही सगळं नियमावलीत घालतो. आधी संस्थापकांना विचारायचं, मग गुंतवणूकदारांना, बहुसंख्य विकतील तेव्हा तुम्हीही त्याच भावाला विकायचं. विकत घेणारा सापडला तरी मधे तीन दारं.

त्याहून मोठी गोष्ट शेअरच्या प्रकारात आहे. उद्यम भांडवल देणारे बहुधा प्रेफरन्स शेअर घेतात, नंतर इक्विटीत बदलणारे. कंपनी विकली गेली की आधी त्यांची रक्कम, मग उरलं तर साध्या इक्विटीला. खाजगी कंपन्यांना नियमावलीत हवे तसे हक्क लिहायची मोकळीक २०१५ च्याच अधिसूचनेने दिलेली आहे. समजा गुंतवणूकदारांनी १२० कोटी घातले, ते आधी परत घ्यायचा करार आहे आणि कंपनी शंभर कोटींना विकली गेली. वर्तमानपत्रात शंभर कोटींची बातमी येईल, पेढे वाटले जातील. आपल्या मुलीच्या चार हजार शेअरचं मोल शून्य. तिने सात लाख कर भरला होता तो सहाशे रुपयांच्या मूल्यावर. त्या मूल्यात हा क्रम किती धरला होता, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. विचारण्याचा हक्क तरी होता का? ऑप्शन हातात असताना नव्हता. कंपनीचा वार्षिक हिशेब सदस्याला मिळतो, ऑप्शनधारकाला नाही. एक वाट मात्र सगळ्यांना मोकळी आहे. कंपनी निबंधकाकडे दाखल झालेले हिशेब आणि नियमावली कुणालाही किरकोळ शुल्क भरून बघता येतात. तरुण श्रोत्यांनो, नोकरीचं पत्र सही करण्याआधी हे शुल्क भरा. नियमावलीतली प्रेफरन्स शेअरची पानं आधी वाचा, बोधचिन्ह नंतर बघा.

अन्याय झाला असं वाटलं तर? बहुमताच्या दडपशाहीविरुद्ध कलम २४१ खाली राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. पण अर्ज सदस्यांनी करायचा, आणि तोही शंभर सदस्यांनी किंवा सदस्यसंख्येच्या एक दशांशांनी, अथवा भांडवलाचा एक दशांश हिस्सा असलेल्यांनी. न्यायाधिकरण ही अट शिथिल करू शकतं, पण मागावं लागतं. आणि ऑप्शनधारक तर सदस्यच नाही. चार वर्षं कमी पगारावर राबून ज्याने ऑप्शन मिळवले, त्याला दिवाणी न्यायालयात करारभंगाचा दावा करण्यावाचून मार्ग नाही.

खाजगी कंपनीच्या व्याख्येत एक गंमत दडलेली आहे, ती आमच्या धंद्यातल्या लोकांनाही पटकन दिसत नाही. खाजगी कंपनीत सदस्य दोनशेच्या वर नकोत. या दोनशेत नोकरीत असलेले मोजत नाहीत. माजी कर्मचारीही मोजत नाहीत, पण कोणते? जे नोकरीत असतानाच सदस्य झाले आणि पुढेही राहिले ते. राजीनाम्यानंतर मिळालेल्या मुदतीत ज्याने ऑप्शन वापरले, तो नोकरीत असताना सदस्य नव्हता. अक्षराने वाचलं तर तो दोनशेत मोजला जातो. म्हणजे माजी कर्मचाऱ्यांना जास्त मुदत देणारी उदार कंपनी स्वतःचीच अडचण वाढवते. हे कुणी दुष्टपणाने लिहिलेलं नाही. कर्मचारी नोकरी सोडल्यावर भागधारक होईल, हे लिहिणाऱ्याच्या मनातच आलं नव्हतं.

कधीकधी तर आपला कंपनी कायदा खोलीत नसतोच. फ्लिपकार्टचे लोक भारतात राबले, पण ऑप्शन सिंगापूरच्या कंपनीचे. तिच्यातून फोनपे वेगळी झाली तेव्हा ऑप्शनचं मोल घटलं, म्हणून कंपनीने २०२३ मध्ये धारकांना रोख भरपाई दिली. देणं बंधनकारक नव्हतं, तिने दिलं. मग ही रक्कम पगार की भांडवली स्वरूपाची, यावर वाद. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने म्हटलं, ऑप्शन वापरलेच नव्हते, तर पगारातली सवलत कशी? मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी उलट कौल दिला. एकाच कंपनीचं, एकाच कारणाने दिलेलं पैशाचं पाकीट, आणि दोन राज्यांत दोन उत्तरं. इन्फोसिसच्या वेळचा प्रश्न तसाच उभा: हातात आहे काय?

एवढं ऐकून कुणी म्हणेल, कंपनी कायद्याने कामगाराला कधी मालक मानलंच नाही का? मानलं आहे, पण वेगळ्या दाराने. १९७६ मध्ये घटनेत अनुच्छेद ४३अ आला, व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग. डिसेंबर १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की कंपनी गुंडाळायचा अर्ज चालू असेल, तर कामगारांना बाजू मांडायचा हक्क आहे. कायद्यात तसं लिहिलेलं नव्हतं. कंपनी म्हणजे फक्त भागधारकांचा मामला नव्हे, या भूमिकेवर ते बहुमत उभं होतं. आणि मग आपल्याच मुंबईतली कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज. १९८५ मध्ये कारखाना बंद पडला. मालक घराण्यात भांडणं, बँकांचं कर्ज. कामगारांनी सहकारी संस्था काढली आणि कारखाना आपण चालवू म्हणाले. आजारी कंपन्यांच्या मंडळापुढे योजना गेली, जुन्या भागधारकांनी हरकत घेतली, आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजनेवर शिक्कामोर्तब केलं. शेअर कामगारांच्या संस्थेकडे आले. पुढे तीही कंपनी पुन्हा अडचणीत आली. त्याची कारणं आजचा विषय नाही, आणि तो प्रयोग मी सोनेरी रंगवणारही नाही. मला दाखवायचं आहे ते एवढंच, की तिथे कामगार एकत्र आले, मत त्यांच्या हातात होतं आणि संचालक मंडळावर त्यांची माणसं होती.

शेअर योजनेत नेमकं हेच काढून घेतलेलं आहे. न्यासाची तरतूद बघा. सार्वजनिक कंपनीने स्वतःचे शेअर घ्यायला कुणाला पैसे देऊ नयेत, असं कलम ६७ सांगतं. कर्मचाऱ्यांच्या न्यासाला अपवाद आहे, भांडवल आणि मुक्त राखीव निधी यांच्या बेरजेच्या पाच टक्क्यांपर्यंत. कर्मचाऱ्याला स्वतःला शेअर घ्यायला कंपनी कर्ज देऊ शकते, पण सहा महिन्यांच्या पगाराइतकं. न्यासाकडच्या शेअरवर मत कोण देणार? सूचिबद्ध कंपनीत सेबी म्हणते, विश्वस्तांनी मतदान करायचं नाही. कारण पटण्यासारखं आहे, नाहीतर व्यवस्थापन न्यासाच्या आडून स्वतःलाच मत देईल. पण व्यवस्थापनाचा हात रोखायचा, तर ते मत कर्मचाऱ्यांच्या हातात द्यायचा मार्गही होता. तो विचारातच घेतला नाही. मत नाहीसं करणं सोपं पडलं.

स्वेट इक्विटीशी ऑप्शन ताडून बघा, मग कायद्याला कशाची भीती वाटते ते कळेल. कलम ५४ खाली कष्टाच्या, ज्ञानाच्या बदल्यात सवलतीत किंवा रोख न घेता शेअर देता येतात. तिथे वर्षाला पंधरा टक्के किंवा पाच कोटी, यांतलं जास्त असेल ते, एकूण पंचवीस टक्के, तीन वर्षांचा लॉक-इन, अशा मर्यादा आहेत. ऑप्शनच्या एकूण संख्येला नियम १२ मध्ये कमाल मर्यादाच नाही. का नाही? स्वेट इक्विटीत शेअर लगेच हातात जातो, मालकी खरोखर हलते. ऑप्शनमध्ये बरेचसे वाटेतच गळतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मग मला हवं काय? कमानी परत आणा असं मी म्हणत नाही. शेअर योजनेतून हजारो मध्यमवर्गीय घरांत पैसा आला, पुण्या-बंगळुरूतले कित्येक फ्लॅट त्यावर उभे आहेत, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. माझी मागणी कारकुनी आहे. भागधारकांना जाणारं स्पष्टीकरणात्मक निवेदन ग्रँट लेटरसोबत प्रत्येक कर्मचाऱ्याला द्या, त्याला समजेल त्या भाषेत. त्यातच एक तक्ता जोडा: कंपनी अमुक रकमेला विकली तर इक्विटीला किती उरेल. राजीनाम्यानंतर व्हेस्ट झालेले ऑप्शन वापरायची किमान मुदत नियमात लिहा. मृत्यूच्या बाबतीत इतका विचार केला, तर जिवंत माणसाच्या बाबतीतही करता येईल. राजीनाम्यानंतर सदस्य झालेल्याला दोनशेच्या गणतीतून वगळा. आणि ज्यांचे ऑप्शन व्हेस्ट झाले आहेत त्यांना न्यायाधिकरणाकडे जायची वाट निदान अटी त्यांच्या अहितात बदलल्या एवढ्यापुरती तरी उघडा.

यांतल्या शेवटच्या दोन गोष्टींना कायद्यात दुरुस्ती लागेल, कारण सदस्यसंख्या आणि कलम २४१ संसदेने लिहिलेली आहेत. बाकी सगळं नियम १२ मध्ये बसतं. नियम केंद्र सरकार करतं, अधिसूचना निघाली की झालं. संस्थापकांसाठी नियम बदलायला किती दिवस लागले ते मघाशी सांगितलंच. कर्मचाऱ्यांच्या बाजूने अशी मागणी करणारी संघटना मला अजून भेटलेली नाही. कामगार संघटनांना हा विषय आपला वाटत नाही, आणि ऑप्शनधारकांना आपण कामगार आहोत असं वाटत नाही. ज्यांच्या नावे हे व्याख्यान आहे ते आज असते, तर या दोघांना एका टेबलाशी बसवायचं काम मी त्यांच्यावर टाकलं असतं. आता ते सभागृहातल्या तरुण वकिलांवर टाकतो, आणि प्रश्न असतील तर घेतो.